‘किती स्ट्राँग आहात’ म्हणण्याऐवजी: दमलेल्या ब्लॅक बॉसला साथ कशी द्यावी

चेकबुक शोधायला मी आमच्या डायरेक्टरच्या टेबलाचा दुसरा खण उघडला आणि त्यात रक्तदाब मोजायचं यंत्र सापडलं. पट्टा नीट गुंडाळून ठेवलेला, शेजारी पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांची चळत. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि दोन आकडे. सगळ्यात वरची चिठ्ठी त्याच दिवसाची होती: सकाळी 9.50, 168/102. दहा वाजता आमची स्टाफ मीटिंग झाली होती. मीटिंगमध्ये त्या नेहमीसारख्या ताठ बसल्या, दोघातिघांना हसवलं, एका रडणाऱ्या मुलीला धीर दिला. आणि शेवटी मीच उठून सगळ्यांसमोर म्हणाले होते, “तुमच्याइतकी स्ट्राँग बाई मी पाहिली नाही.” टाळ्याही पडल्या होत्या.

मी अटलांटात एका छोट्या संस्थेचे हिशेब आणि ऑफिसचं कामकाज सांभाळते. भाडं थकलं म्हणून ज्यांना घराबाहेर काढायचा दावा लागतो, अशा कुटुंबांना आम्ही फुल्टन काउंटीच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात वकील मिळवून देतो. माणसं 18, वर्षाचं बजेट साधारण 14 लाख डॉलर. डायरेक्टर ब्लॅक आहेत, साठीला टेकलेल्या. (मी ‘ब्लॅक’ हाच शब्द वापरते, कारण त्या स्वतःबद्दल बोलताना तोच वापरतात.) मी ब्लॅक नाही, त्यांच्या वतीने बोलायचा मला अधिकारही नाही. पण अमेरिकेत नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी माणसांची बॉस आज ब्लॅक स्त्री आहे: खात्याची प्रमुख, वॉर्डाची मुख्य नर्स, शाळेची प्रिन्सिपल. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून आपण काय करायचं, तेवढंच मी सांगणार आहे. हे सगळं मी त्यांना इंग्रजीत वाचून दाखवलं आहे आणि खणाची गोष्ट लिहायला त्यांनी हो म्हटलं आहे.

आधी तो शब्द सोडा

‘स्ट्राँग’ म्हणताना आपल्याला वाटतं आपण कौतुक करतोय. समोरच्या बाईला ऐकू येतं ते असं, की तू अशीच उभी राहा, आम्ही तुझ्या भरवशावर आहोत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या नर्सिंगच्या संशोधक शेरिल वूड्स-जिस्कोम्बे यांनी 48 आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांना गटागटाने बसवून बोलतं केलं आणि 2010 मध्ये जे मांडलं त्याला ‘सुपरवुमन स्कीमा’ म्हणतात. त्या स्त्रियांच्या बोलण्यात पाच गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: बळ दाखवलंच पाहिजे, भावना गिळल्याच पाहिजेत, कुणावर विसंबायचं नाही, हातात साधनं नसली तरी यश मिळवायचंच, आणि स्वतःच्या आधी दुसऱ्याला मदत करायची. डायरेक्टरना मी ही यादी दाखवली तेव्हा त्यांनी पेन घेतलं, पाचही ओळींपुढे टिक केली आणि कागद परत दिला.

त्याच अभ्यासात स्त्रियांनी हेही सांगितलं होतं की या बळामुळेच आम्ही तगलो, आमची घरं तगली, आमचा समाज तगला. म्हणून ‘हे ओझं टाकून द्या आता’ असलं व्याख्यान त्यांना देऊ नका. ज्या गोष्टीने माणूस जगवलं ती गोष्ट बाहेरच्याने येऊन चूक ठरवायची नसते.

मग कौतुक करायचं तर कशाचं? झालेल्या कामाचं. “सुनावणीच्या आदल्या दिवशी तुम्ही घरमालकाच्या वकिलाला फोन केलात, म्हणून त्या आजी आज स्वतःच्या घरात आहेत.” यात सोसण्याचं कौतुक नाही, अकलेचं आहे. त्यांनी किती सहन केलं याला टाळ्या वाजवल्या की पुढच्या वेळी आणखी सहन करावं लागतं.

दमणं ओळखायचं कसं

आपल्याला वाटतं दमलेला माणूस ढिला पडतो. आमच्या डायरेक्टर ढिल्या पडल्याच नाहीत. उलट त्यांचे ईमेल पहाटे चार-सव्वाचारला यायला लागले. कपडे आणखी कडक इस्त्रीचे, केस आणखी नेटके, मीटिंगला दहा मिनिटं आधी हजर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय उमेद आहे!

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लॅक यांनी बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार संपून जाण्याची, तीन अंगं सांगितली आहेत, ती मला फार उपयोगी पडली. पहिलं अंग म्हणजे शीण, झोपून न जाणारा. दुसरं म्हणजे माणसांपासून मन तुटणं. तिसरं म्हणजे आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिलं त्यांनी लपवलं होतं. दुसरं मला दिसलं ते एका शब्दात. एरवी त्यांना प्रत्येक कुटुंबातल्या पोरांची नावं पाठ असायची. कोणाला दमा आहे, कोण बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतं, सगळं. त्या वर्षी मे महिन्यात त्या म्हणाल्या, “31 नंबरचं काय झालं?” मी चमकून वर बघितलं. त्या फाईल चाळत होत्या. तिसरं दिसलं ते एक मोठी केस जिंकून आलो तेव्हा. सगळे केक कापत होते आणि त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात ती परत येईलच ना कोर्टात.”

तेव्हा उशिरा येणं, रजा घेणं, रडणं याची वाट बघत बसू नका. त्या ज्यात मुळात जिवंत असायच्या ते कधी थांबलं, यावर नजर ठेवा.

आणि शरीर. मिशिगन विद्यापीठातल्या आर्लिन जेरोनिमस यांनी 1992 मध्ये ‘वेदरिंग’ ही कल्पना मांडली. ऊन-वाऱ्याने दगड झिजतो तसं सततच्या ताणाने आणि भेदभावाने शरीर वयाच्या आधी झिजतं, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत ब्लॅक स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा बरंच जास्त आहे. त्या चिकटचिठ्ठ्या मला तेव्हापासून वेगळ्या दिसतात. मोजायला त्या विसरत नव्हत्या, डॉक्टरला दाखवायला मात्र त्यांना वेळ नव्हता.

त्या बोलत का नाहीत

‘एवढंच होतं तर सांगायचं ना’ हे मी मनात म्हणाले होते. सांगण्याची किंमत मला ठाऊक नव्हती म्हणून.

त्यांना डायरेक्टर केलं तेव्हा संस्थेच्या खात्यात सहा आठवडे पुरतील एवढे पैसे होते. आधीचे दोन डायरेक्टर निघून गेले होते. बायकांना नेतृत्व मिळतं ते बऱ्याचदा अशाच वेळी, घर कोसळायला आलं असताना. एक्सेटर विद्यापीठातल्या मिशेल रायन आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम यांनी 2005 मध्ये याला ‘ग्लास क्लिफ’ हे नाव दिलं: काचेचा कडा. अशा कड्यावर उभ्या असलेल्या बाईने ‘मला चक्कर येतेय’ म्हटलं तर लोक कड्याकडे बघत नाहीत, बाईकडे बघतात.

शिवाय आवाज थोडा चढला की ‘चिडकी ब्लॅक बाई’ हा शिक्का तयारच असतो. थकून बोलणं तुटक झालं तरी तोच शिक्का. म्हणजे ताण दाखवला तर चिडकी, दुःख दाखवलं तर कमकुवत, आणि काहीच दाखवलं नाही तर स्ट्राँग. तिसरंच त्यातल्या त्यात परवडणारं. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्लॅक जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने हवेत शरीराचं भान सुटतंय म्हणून सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली. तिच्या नावावर तेव्हा चार ऑलिंपिक सुवर्णपदकं होती, तरी तिला पळपुटी म्हणणारे निघालेच. ज्या बाईपाशी सुवर्णपदकं नाहीत तिने काय करावं?

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर फॅनी लू हेमरचं पोस्टर आहे. मिसिसिपीत काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढलेली ही बाई. 1963 मध्ये तुरुंगात तिला इतकं मारलं की तिचं मूत्रपिंड कायमचं अधू झालं. आजारी असण्याचा आणि दमण्याचाच मला आता वीट आलाय, हे तिचं 1964 मधलं वाक्य पोस्टरवर आहे. एकदा संध्याकाळी दिवे घालवताना डायरेक्टर त्यापुढे थांबल्या. म्हणाल्या, “हे वाक्य सगळे भिंतीवर लावतात. ती कितव्या वर्षी गेली ते कुणी विचारत नाही.” हेमर 1977 मध्ये गेल्या, 59 व्या वर्षी. आमच्या डायरेक्टरही तेव्हा 59 च्याच होत्या.

म्हणून चारचौघांत ‘मन मोकळं करा’ असा आग्रह धरू नका. मोकळं होण्याची जागा त्या ठरवतील. आपण त्यांच्या डोक्यावरचं काम कमी करायचं.

‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, काम मागून घ्या

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य म्हणजे आणखी एक काम. काय सोपवायचं, कुणाला, कसं समजवायचं, बिघडलं तर निस्तरायचं कुणी, हा सगळा विचार पुन्हा त्यांनीच करायचा. ज्या बाईला कुणावर विसंबायची सवय नाही ती ‘नको, ठीक आहे’ म्हणणार हे ठरलेलं आहे.

मी केलं ते असं. त्यांच्या मागच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर छापलं आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसले. जे फक्त त्यांनाच करता येईल ते लाल. जे दुसऱ्या कुणाला येतं, पण सवयीने त्यांच्याकडे जातं, ते निळं. जे कुणीच केलं नाही तरी चालेल ते हिरवं. 41 नोंदी होत्या. लाल निघाल्या नऊ.

निळ्या नोंदींमध्ये काय काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. शुक्रवारचा रोख शिलकीचा अहवाल, जो खरं तर माझं काम. अनुदान देणाऱ्या फाउंडेशनला जाणारे तिमाही अहवाल. प्रिंटरवाल्याशी भांडण. आणि ज्याला कामाचं नावच नव्हतं असं बरंच काही: रडत येणारी नवी मुलगी, एकमेकांशी न बोलणारे दोन वकील, ‘फक्त वीस मिनिटं कॉफीला भेटू या, तुमचा अनुभव ऐकायचाय’ म्हणणारे बाहेरचे लोक. दुसऱ्या संस्थांचे गोरे संचालक वंशभेदावर आम्हाला मार्गदर्शन करा म्हणून त्यांना बोलवायचे, फुकट. दोन आठवड्यांत असली चार बोलावणी होती.

तो कागद घेऊन मी आत गेले आणि विचारलं नाही, सांगितलं. “शुक्रवारचा अहवाल आजपासून मी पाठवते, तुम्हाला फक्त प्रत येईल. फाउंडेशनच्या अहवालांसाठी तीन महिने बाहेरचा लेखक घेऊ या, 6,500 डॉलर लागतील, छपाईच्या खात्यात तेवढे शिल्लक आहेत. कॉफीवाल्यांना मी उत्तर देईन.” त्या बराच वेळ कागद बघत होत्या. मग म्हणाल्या, “लेखकाचं काम मला आधी दाखव.” मी दाखवलं. दुसऱ्या अहवालाला त्यांनी बघायला मागितलं नाही.

काम उचलताना ते पूर्ण उचला. अर्धवट करून, दर तासाला शंका विचारत बसलात तर न उचललेलं बरं. आणि पहिल्या वेळी चूक होईल ती आपली म्हणून कबूल करा. माझ्या पहिल्या अहवालात एक अनुदान दोनदा धरलं गेलं होतं. बोर्डाच्या खजिनदारांना फोन मी केला, डायरेक्टरना करू दिला नाही.

फुकट बोलावण्यांना आमचं उत्तर आता ठरलेलं आहे: कळवल्याबद्दल आभार, त्यांचं व्याख्यानाचं मानधन इतकं, तारीख दोन महिन्यांनंतरची. बहुतेक लोक पुन्हा लिहीत नाहीत.

मीटिंगमध्ये तुमचा आवाज कामाला लावा

‘तुमचा सूर जरा आक्रमक वाटला’ असं कुणी त्यांना म्हणालं की खोलीत सगळे टेबलाकडे बघतात. तुम्ही बघू नका. लगेच, शांतपणे बोला: “मला सुरात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी विचारलेला आकडा अजून कुणी दिलेला नाही, तो देऊ या.” त्यांची कल्पना अर्ध्या तासाने दुसऱ्याच्या तोंडून आली तर: “हे त्यांनी मघाशी मांडलं होतं, त्यांनाच पुढे बोलू द्या.” मीटिंगनंतर एकांतात येऊन ‘मला फार वाईट वाटलं हो’ म्हणण्याचा उपयोग नाही. तेव्हा उलट त्यांनाच तुम्हाला समजवावं लागतं.

असे प्रसंग तारीख, वेळ, शब्द आणि हजर माणसं यांसकट लिहून ठेवा. पुढे भेदभावाची तक्रार करायची वेळ आली तर संघीय समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, आमच्या जॉर्जिया राज्यात ती 180 दिवसांच्या आत करावी लागते. कित्येक राज्यांत मुदत 300 दिवस आहे. तक्रार करायची की नाही हे त्या ठरवतील, तुमची वही तयार असू दे.

सुट्टीचे कागद आधी तयार करा

इथे बहुतेकांची गाडी अडते, म्हणून नीट वाचा. बर्नआउट हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या रोगांच्या यादीत आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी अवस्था असं त्याला म्हटलं आहे. त्यामुळे नुसतं ‘बर्नआउट’ लिहून रजेचे हक्क मिळत नाहीत. नैराश्य, चिंताविकार, उच्च रक्तदाब असं काही असेल तर ते डॉक्टरने तपासून कागदावर लिहायला हवं.

1993 च्या एफएमएलए, म्हणजे कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या, कायद्याने वर्षात 12 आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, नोकरी आणि आरोग्यविमा शाबूत राहतो. पण खाजगी संस्थेत त्यासाठी 75 मैलांच्या आत 50 कर्मचारी लागतात, शिवाय तुमची 12 महिने नोकरी आणि त्यात 1,250 तास काम झालेलं हवं. आमची माणसं 18. म्हणजे तो कायदा आम्हाला लागूच नाही, आणि हे डायरेक्टरना माहीत होतं. बाकीच्यांना त्याचा पत्ता नव्हता. अपंगत्वाचा एडीए कायदा मात्र 15 कर्मचाऱ्यांपासून लागू होतो. त्याखाली काही परिस्थितीत रजा ही वाजवी सोय म्हणून मागता येते. मोठ्या कंपनीत असाल तर अल्पकालीन अपंगत्व विमा आहे का तेही बघा, त्यातून पगाराचा काही भाग मिळतो.

छोट्या संस्थेत खरा मार्ग म्हणजे बोर्डाचा ठराव. आम्ही तो सगळ्यांसाठी केला: पाच वर्षं झालेल्या प्रत्येकाला आठ आठवडे भरपगारी विश्रांती-रजा. एका बाईसाठी मागितली असती तर ती मेहेरबानी ठरली असती, आणि मेहेरबानी त्यांनी घेतलीच नसती. ठरावासोबत चार गोष्टी लिहून दिल्या: हंगामी डायरेक्टर कोण, त्यांना वाढीव पगार किती, 5,000 डॉलरवरच्या चेकवर दुसरी सही कुणाची, आणि देणगीदारांना जाणारं पत्र. पत्रात ‘प्रकृतीच्या कारणाने’ असं काहीही नव्हतं. संस्थेच्या धोरणानुसार रजा, एवढंच.

‘अगदीच अडलं तर फोन करू’ या वाक्याने रजेचं वाटोळं होतं. म्हणून अडणं म्हणजे काय तेही लिहिलं. ऑफिसला आग, कर्मचाऱ्याचा मृत्यू, बँक खातं गोठणं. या तिन्हींखेरीज फोन नाही. आठ आठवड्यांत एकदाही केला नाही, आणि दोनदा हात शिवशिवले होते.

डॉक्टर, थेरपिस्ट, मैत्रिणी

यात आपलं काम फार थोडं. चांगला पत्ता द्यायचा आणि बाजूला व्हायचं. थेरपिस्ट आपल्यासारखी दिसणारी हवी असं ब्लॅक स्त्रीला वाटणं साहजिक आहे, नाहीतर पहिले सहा तास समजावण्यातच जातात. अटलांटातल्या मानसशास्त्रज्ञ जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’कडे अशा थेरपिस्टांची यादी आहे. खर्च ही अडचण असेल तर ‘लव्हलँड फाउंडेशन’ ब्लॅक स्त्रियांच्या थेरपीसाठी मदत देतं. जीव नकोसा झाल्याचं बोलणं कानावर आलं तर वाट बघू नका, 988 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोनने किंवा मेसेजने.

आणि त्यांची आपापसातली वर्तुळं. 1983 मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात बिली एव्हरी यांच्या पुढाकाराने ब्लॅक स्त्रियांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरली. त्या चळवळीतून स्त्रिया गोल करून बसायला, जे कुठेच बोलता येत नाही ते बोलायला लागल्या. आमच्या डायरेक्टर दर बुधवारी दुपारी अशाच पाच मैत्रिणींकडे जातात. तिथे काय बोलतात ते मी कधी विचारलेलं नाही. तिथे मला बोलावलेलं नाही आणि बोलवू नये. माझं काम ती दुपार मोकळी ठेवण्याचं.

परत आल्यावर

रजेवरून आल्या त्या सोमवारी त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “शुक्रवारचा अहवाल?” मी म्हटलं, “गेला.” “आणि फाउंडेशनचा?” “तोही गेला.” त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत मागे रेलल्या. टेबलाची कड सोडून त्या मागे टेकून बसल्याचं मी प्रथमच बघितलं.

या क्षणी आपली चूक होते. आपल्याला वाटतं, आता त्या ताज्यातवान्या झाल्या, तर त्यांची कामं त्यांना परत देऊ या. देऊ नका. निळ्या नोंदी परत त्यांच्या कॅलेंडरवर चढल्या तर सहा महिन्यांत सगळं होतं तिथे येतं. आम्ही दर तिमाहीला तीन पेन्सिली काढतो. मागच्या वेळी लाल नऊच्या अकरा झाल्या होत्या. दोन कामं दुसऱ्यांना वाटून दिली.

रक्तदाबाचं यंत्र अजून त्याच खणात आहे. चिठ्ठ्यांच्या जागी डॉक्टरने दिलेली छोटी वही आली. बुधवारची दुपार कॅलेंडरवर बंद असते. गेल्या आठवड्यात एका मोठ्या देणगीदारांनी नेमकी तीच वेळ मागितली. मी त्यांना गुरुवारी सकाळी दहाची दिली.